कडुनिंबावर उमटलेली तीन बोटं

या सदरात लोक भुताखेतांचं लिहितात ते मी वाचतो आणि बाजूला ठेवतो. आयुष्यभर झाडांवर चढलो. पिंपळावर चढलो, चिंचेवर चढलो, स्मशानाच्या कुंपणातल्या वडावरसुद्धा चढलो. कुठंही मला मुंगळे आणि मधमाश्या यांच्याशिवाय कुणी भेटलं नाही. तरीही एक गोष्ट घडली. ती माझ्या बाबतीत, भर दुपारी, चार-पाच माणसांच्या डोळ्यांदेखत घडली... म्हणून लिहितो.

एकोणीसशे तीसनंतरची वर्षं. मी तेव्हा पंचविशीत होतो. गाव वैराग, सोलापुरापासून पायी एका रात्रीच्या वाटेवर; शिक्षण सातवी पास. पावसाळ्यात घरची शेती, आणि होळीपासून मृग निघेपर्यंत सोलापुरात सीझनचं काम — सार्वजनिक बागांमधली आणि सात रस्त्याकडच्या सडकांवरची झाडं तपासायची. वळवाच्या वादळात फांदी कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून वाळकं लाकूड आधीच उतरवायचं, कापलेल्या जागी डांबर लावायचं, आणि पार गेलेलं झाड असेल तर त्यावर पाडायची खूण करायची. माझ्यासोबत रसूलचाचा असायचे. मी वर, ते खाली दोर धरून. साठीचा माणूस, पण त्यांच्या हातातला दोर कधी एक बोटभर सरकला नाही.

झाड आतून कसं आहे हे मी लाकडी हातोड्यानं ठोकून सांगायचो. पोकळ झाड वेगळं बोलतं, भरीव वेगळं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पण त्यात माझी चूक कधी निघाली नव्हती.

आता खुणेचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. मी तीन बोटं चुन्यात बुडवून खोडावर वरून खाली ओढायचो. तीन पांढरे पट्टे. माझ्या मधल्या बोटाचं पेर करवतीत गेलेलं, त्यामुळे मधला पट्टा नेहमी तुटक उमटायचा. दुसऱ्या कुणाची तशी खूण होणं कठीण.

आमच्याकडच्या एका बागेत बँड वाजायच्या चौथऱ्यापासून तीस-चाळीस पावलांवर एक मोठा कडुनिंब होता. उन्हाळ्यात सबंध बागेत तेवढीच दाट सावली. तिथं रोज दुपारी रामक्का आणि तिच्या तीन सुना चरखे घेऊन सुताच्या कांड्या भरत बसायच्या. विणकराचं घर, घरी पत्र्याखाली भट्टीसारखं तापायचं, म्हणून त्या इथं यायच्या. रामक्का घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी. तोंड फार.

एके सकाळी त्या कडुनिंबावर मला माझी खूण दिसली. तीन पट्टे, मधला तुटक.

मी चाचांना विचारलं, "हे कधी केलं मी?"

"मेरेकू क्या पूछता? उंगली तुम्हारी, चुना तुम्हारा," चाचा म्हणाले.

मला वाटलं, चुकून झालं असेल. पाणी आणून पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी खूण परत तिथंच. तेव्हा मात्र मी चिडलो. कुणीतरी चेष्टा करतंय हे उघड होतं. पण झाडाची शंका नको म्हणून वर चढलो. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत ठोकून पाहिलं, मुळाशी उकरून पाहिलं. ना वाळवी, ना पोकळी. घंटेसारखं खणखणीत झाड.

खाली उतरून मी रामक्काला म्हणालो, "बिनघोर बसा. या झाडाला हत्ती बांधला तरी हलायचं नाही."

"तर मग पांढरं कशाला करतूस की बाबा रोज?" ती म्हणाली. सुना हसल्या.

मी खूण पुसली. त्याच संध्याकाळी मला गावी जायचं होतं, बहिणीची सुपारी फुटायची होती. जाताना चुन्याचा डबा मी मुद्दाम हत्यारांच्या खोलीत कुलपात ठेवला आणि किल्ली कडदोऱ्याला बांधून वैरागला गेलो. म्हटलं, आता करा चेष्टा!

दोन रात्री गावी राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं निघालो. वाटेत टायर बसलं, सोलापुरात पोचेपर्यंत बारा वाजून गेले. खोलीवर न जाता भाकरीचं गाठोडं काखेत धरून सरळ बागेत आलो.

कडुनिंबावर खूण होती. आणि ती ओली होती.

सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको — त्या उन्हात चुना घटकाभरही ओला राहत नाही. या पट्ट्यांतून अजून थेंब ओघळत होते. मी माझी बोटं त्यावर टेकवली. तंतोतंत बसली. तुटलेल्या पेराची जागासुद्धा.

"कोण आलं होतं इथं?" मी ओरडलोच.

रामक्कानं चरखा थांबवला. "कोण म्हंजे? तूच की! आत्ता तर लावून गेलास."

"मी आत्ता मोटारीतनं उतरतोय, रामक्का."

"काय बोलतूस! हितनं गेलास, ह्या हिच्या अंगावरनं. चुना टपकला हिच्या पदरावर, बघ." तिनं धाकट्या सुनेचा पदर पुढं केला. पदरावर पांढरा ठिपका होता. "मी हाक मारली, तर बोलला न्हाईस. मागं वळून नुसतं वर बघितलास, झाडाकडं. आन् गेलास तिकडं, चौथऱ्यामागं."

तिन्ही सुना मान हलवत होत्या. त्यांच्यात हसणारं कुणी नव्हतं.

मी चौथऱ्यामागं जाऊन आलो. तिथं नुसती भिंत. हत्यारांच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं. ते उघडून डबा पाहिला — वर चुन्याची साय वाळून तडकली होती, त्यात कुणी बोट घातलेलं नव्हतं.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. मला राग आला. माझ्या कानांनी, माझ्या हातांनी ते झाड चांगलं आहे असं सांगितलं होतं, आणि माझीच खूण मला खोटं पाडत होती. पण त्या चौघी तिथं बसल्या होत्या. माझं ज्ञान खरं ठरलं तर उठवल्यामुळे त्यांना दुपारभर उगाच ऊन लागणार, आणि खोटं ठरलं तर... हा हिशेब करायला फार अक्कल लागत नाही.

"उठा," मी म्हणालो. "सगळं उचला आणि चौथऱ्याकडं चला."

"परवा म्हनलास हत्ती बांध!"

"परवा म्हणालो. आज उठा म्हणतोय."

"का ते तरी सांग?"

"मला माहीत नाही, रामक्का."

मी असं कुणाला म्हणालेलो तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. तेवढ्यात बागेतल्या विहिरीकडून आलेल्या चाचांनी न विचारता चरखे उचलले. आम्ही झाडाभोवती लांबून दोर बांधला.

तासाभरानं आमच्या कामावरचे ओव्हरसियर साहेब सायकलवरून आले. दोर पाहून भडकले. "काय झालंय या झाडाला?"

"काही नाही साहेब."

"मग पाडायची खूण का?"

साहेब दोराखालून आत गेले, छडीनं खोडावर दोन फटके मारले. "असल्या झाडांवर खुणा करायच्या असतील तर पुढच्या सीझनला येऊ नका. ए बायांनो, या, बसा इथं!"

रामक्का चौथऱ्यावरून हलली नाही. म्हणाली, "न्हाई सायेब. ह्यानं मला दोनदा सांगितलंय. एकदा मुकाट्यानं, एकदा तोंडानं."

साहेबांना यातलं काही कळलं नाही. खूण पुसून टाकायला सांगून ते निघून गेले. मी बादली आणायला वळलो. विहिरीपर्यंतही पोचलो नसेन.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. आधी खालून एक लांब, दबका आवाज आला, जमिनीत कुणी कापड फाडावं तसा. मग कडुनिंब सावकाश कलला आणि जिथं त्या चौघी बसायच्या नेमका त्या जागेवर आडवा झाला. धुरळा खाली बसला. मग धाकटी सून रडायला लागली.

पुढचे चार दिवस मी ते झाड तोडत होतो. प्रत्येक ओंडका निरखून पाहिला. लाकूड लालसर, भरीव, निरोगी. मुळं जमिनीलगत तुटलेली, पण कुजलेलं एकही नाही. माझा हातोडा खोटं बोलला नव्हता. साहेबांनीही येऊन पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि पुढच्या सीझनला वेळेवर या एवढंच म्हणाले.

त्यानंतर वीसएक सीझन मी हे काम केलं. न लावलेली खूण पुन्हा कधी दिसली नाही. चाचा म्हणायचे, "अल्ला का काम है, खोद के मत देख." मी मात्र खोदून पाहिलं. झोपेत चालतो म्हणावं, तर मी वैरागात होतो. कुणी सोंग घेतलं म्हणावं, तर त्याला माझं तुटलेलं बोट कुठून मिळालं? आणि झाड पडणार हे, माझी आयुष्यभराची विद्या तीच असून मला कळलं नाही, ते त्या सोंगाड्याला कसं कळलं? मी आजही भुतं मानत नाही.

बऱ्याच वर्षांनी रामक्काच्या नातवाच्या लग्नात जेवायला बसलो असताना ती जवळ आली. मी विचारलं, त्या दिवशी पाहिलास तो माणूस हुबेहूब मीच होतो का?

"तूच होतास," ती म्हणाली. "फकस्त लई दमला होतास. गुडघ्यापतूर धुरळा. सबंद रात चालत आल्यावानी."