लेखांखालची माणसं

“काकूंच्या हाताला तेल आणि डोक्यात खूळ,” असं शेजारी म्हणत. तेल शिलाई मशीनचं होतं, खूळ ब्लॉगचं. नवरा गेल्यावर काकूंनी त्याचं मशीनदुरुस्तीचं दुकान चालू ठेवलं, याचं कोणाला नवल वाटलं नव्हतं. दुकान बंद करून त्या संगणकापुढे बसत आणि एका बोटाने टाइप करत, याचं मात्र वाटे.

सुरुवात धाकट्या जावेमुळे झाली. टाके सुटतात म्हणून तिने मशीन बसमध्ये घालून तीन तासांवरून आणलं. काकूंनी पाहिलं, तर सुई उलटी बसवलेली.

“अगं, एवढ्यासाठी हे धूड घेऊन आलीस?”

“मग काय करू, ताई? पुस्तिका सगळी इंग्रजीत. आणि तुम्ही फोनवर सांगता ते एका कानाने येतं, दुसऱ्याने जातं.”

त्याच आठवड्यात काकूंनी पहिला लेख लिहिला: सुईची चपटी बाजू कशी ओळखावी.

त्या काळी मराठी ब्लॉग म्हणजे बहुधा कविता, प्रवास आणि ज्याचं त्याचं बालपण. बॉबिनवर कोणी लिहीत नव्हतं. वाचक हळूहळू आले, आणि आले ते लेखाखाली लिहू लागले. दोरा सैल पडत असेल तर स्क्रू आवळा, असं काकूंनी एकदा सांगितलं होतं. खाली एका अनोळखी शिंप्याने लिहिलं, “काकू, लगेच आवळू नका. दोरा जातो त्या चकत्यांमध्ये धाग्याचं तूस अडकतं. जाड कागदाचा कोपरा फिरवून बघा.” काकूंनी दुकानातल्या तीन मशीनवर ते करून पाहिलं. मग स्वतःच्या लेखाच्या माथ्यावर एक ओळ घातली: माझं चुकलं, खालचं वाचा.

अकरा वर्षांत लेख दोनशेवर गेले. कोणी पंपांवर, कोणी सायकलींवर मराठीत लिहू लागलं होतं, आणि त्यातले काही आधी काकूंच्याच लेखांखाली प्रश्न विचारून गेलेले होते. अशात ब्लॉगची जागा देणाऱ्या कंपनीने कळवलं की पंधरा दिवसांनी सगळं पुसलं जाईल.

लेख आणि त्याखालचे अभिप्राय वेगवेगळ्या पानांवर उघडत, त्यामुळे दोन्ही वेगवेगळे उतरवून घ्यावे लागणार होते. हे काम सुनेकडे आलं; ती शाळेत शिकवायची, तिच्याकडे संध्याकाळचे दोन तास, आणि एकेक पान उघडायलाच वेळ लागे. सगळं होणं शक्य नव्हतं, हे दोघींनाही पहिल्याच दिवशी कळलं.

“आई, आधी तुमचे लेख घेऊ.”

“आधी खालचं घे.”

“अहो, पण ब्लॉग तुमचा आहे!”

“म्हणूनच सांगते आहे.”

पंधराव्या संध्याकाळी अभिप्राय सगळे हाती आले होते, लेख जेमतेम साठ. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तेव्हा तिथे काहीच नव्हतं. सुनेला दोन दिवस जेवण गेलं नाही. काकूंनी दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं.

शेजारचे निवृत्त कारकून बायकोचं मशीन न्यायला आले. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतंच. “कमाल आहे तुमची! स्वतःचं पुसू दिलंत आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसलात?”

काकूंनी चाक फिरवून सुई वर घेतली, टाका तपासला आणि मशीनवर झाकण बसवलं.

“माझं मी परत लिहीन. तो शिंपी काय तुम्ही आणून देणार आहात?”