पुजाऱ्यांच्या गटात आमची गल्ली

"यंत्राला वास येत नाही," माझा नकाशा वर्गासमोर धरून मार्गदर्शक सर म्हणाले. सगळे हसले. सुनंदाही हसली. तुळजापुरात मोजायची फीत धरून माझ्यासोबत उन्हात हिंडलेली. तेवढी एकच मैत्रीण होती मला.

भूगोलाच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष. लघुप्रबंधासाठी मी माझंच गाव, तुळजापूर, घेतलं होतं. बोळाची रुंदी, भिंती दगडाच्या की मातीच्या, घराला घर किती खेटून, नळ किती लांब. सगळ्या गल्ल्यांचं हे मोजून आकडे कॉम्प्युटरला द्यायचे. तो सारख्या गल्ल्या एका गटात टाकतो. क्लस्टर अ‍ॅनालिसिस म्हणतात त्याला.

त्यानं आमचा बौद्धवाडा आणि मंदिरामागची पुजाऱ्यांची गल्ली एकाच गटात टाकली. खरंच होतं ते. दोन्हीकडं बोळ अरुंद. भिंतीला भिंत. अंगण कुठंच नाही. दुष्काळात नळही दोन्हीकडचा कोरडा.

सरांनी नकाशा माझ्याकडं ढकलला. "जातीचा रकाना घाल. पुन्हा चालव. आपोआप वेगळे होतील."

नकाशाची गोष्ट पसरली. त्या आठवड्यात होस्टेलवर माझ्याशी कुणी बोललं नाही. मेसमध्ये माझ्या बाकावर मी एकटी.

घरी गेले. आई लॉजमधली भांडी घासून आली होती. तिला सांगितलं.

"लिही की बाई. जात काय लपून हाय व्हय आपली?"

"लपवायची न्हाय, आई. पण बोळाची रुंदी जातीवर ठरती का?"

"मला न्हाय कळत. पर सही सरांचीच लागती न्हवं?"

पदर डोळ्यांवर घेऊन ती आडवी झाली. मी उंबऱ्यावर बसून राहिले. आपल्या माणसांतही एकटं पडता येतं, हे तिथं कळलं.

सोमवारी सरांसमोर उभी राहिले. "रकाना घालणार नाही."

"मग सही नाही."

"चालेल."

मी बाहेर पडले. व्हरांड्यात सुनंदा दिसली. थांबली नाही.

पदवी अर्धवट राहिली. आता अणदूरला शाळेत शिकवते. मार्गदर्शक व्हाल का, म्हणून दुसऱ्या प्राध्यापकांना लिहिलं. एकाचंच उत्तर आलं: तेवढी दुरुस्ती करा.

नाही करणार. जात मोजायची तर उघड मोजा. पाण्याच्या रांगेत आम्हाला कुठं उभं करता, ते मोजा. शिवाशिव नको म्हणून घागर कुणाची वरून भरता, ते मोजा. तो प्रबंध मीच लिहीन. पण आमची घरं वेगळी पडावीत म्हणून जात आकड्यांत घालायची असेल, तर ती घालणारा हात माझा नसेल.