पाच घरांची हमी

मी ज्या कागदावर सही केली तो काय होता, हे मला नीट कळत होतं. न वाचता सही केली असती तर निदान वेंधळेपणावर खापर फोडता आलं असतं. मी तर आठच दिवस आधी त्याच विषयावर तासभर भाषण ठोकून आले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

इथे बहरीनमध्ये आम्हा मराठी बायकांचं एक वाचन मंडळ आहे. महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी अमवाजला एकीच्या घरी जमतो, पोहे खातो, आणि एकीने आपल्या आवडीचा विषय सांगायचा. मला जुन्या जपानचं वेड आहे. का ते विचारू नका. कुणाला भरतकामाचं असतं, मला शोगुनांचं आहे. सम्राट क्योटोत नुसता पूजेपुरता, आणि खरा कारभार एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, शोगुनाच्या हातात. अडीचशे वर्षं त्यांनी देश मुठीत ठेवला तो काही नुसत्या तलवारीच्या जोरावर नव्हे. त्या दिवशी मी तेच समजावून सांगत होते.

गावात पाच-पाच घरांचा एक गट असायचा. एका घराने कर बुडवला, गुन्हा केला किंवा गाव सोडून पळ काढला, तर जाब उरलेल्या चार घरांना. सगळ्यांनी आधीच वहीवर शिक्के उठवून हमी दिलेली असायची. वेगळा पोलीस ठेवायलाच नको, शेजारीच पोलीस. "आमच्या बिल्डिंगमध्ये चालूच आहे की हे," एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

पुढच्याच खुर्चीवर माझी मैत्रीण बसली होती. माझ्याच ऑफिसात, शेजारच्या टेबलावर. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मूळची चिपळूणची. नवरा आणि मुलगा पुण्याला, ही इथे सनद भागात, आमच्याच मजल्यावर एकटी राहायची. एकटी कसली, सकाळचा चहा सोडला तर सगळं खाणंपिणं आमच्याकडेच. मला ताई म्हणायची, माझी मुलगी तिला मावशी म्हणायची. तिने विचारलं, "ताई, पळणारा माणूस त्या चौघांना सांगून पळत असेल का हो?"

"सांगेल कशाला? सांगितलं तर तेच धरून ठेवतील," मी म्हणाले. मोठ्या रुबाबात म्हणाले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमची कंपनी छोटी, बांधकामाचं सामान पुरवणारी. तिथे एक पद्धत होती. कुणी अचानक मोठ्या रजेवर गावी निघालं की ऑफिसातल्या दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यायचं, हा माणूस परत येईल. नाही आला, तर तो येईपर्यंत किंवा त्याच्या जागी नवीन माणूस मिळून तयार होईपर्यंत लिहून देणाऱ्याची रजा बंद. कायद्यात हे बसतं का, देव जाणे. कुणी कधी विचारलं नाही. आम्ही एकमेकांसाठी सह्या करत आलो आणि माणसं परत येत राहिली.

भाषणानंतरच्या आठवड्यात ती रडतच टेबलापाशी आली. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, महिन्याची रजा हवी. मॅनेजरने कागद माझ्यासमोर सरकवला. "मॅडम, आप साइन करो, खलास." माझ्या मुलीला तेव्हा आठवा लागला होता. पुण्याला तिचं पहिलं बाळंतपण, त्यासाठी माझी दोन महिन्यांची रजा मंजूर होऊन पडलेली. हिची रजा संपली की चौथ्या दिवशी माझं विमान. कागदावरचं कलम मी वाचलं, दोनदा वाचलं. आणि मग वाटलं, आपल्याच ताटात जेवणारी पोरगी, हिच्यासाठी एवढं करायचं नाही तर कुणासाठी करायचं? केली सही.

शोगुन माझ्याहून शहाणे होते. दर सरदाराला एक वर्ष एदोत आणि एक वर्ष आपल्या मुलखात राहावं लागे, पण बायकोमुलं कायमची एदोत. तो गावी गेला तरी त्याचा जीव शोगुनाच्या दाराशी अडकलेला. नाक्यांवर पहारा असा, की बंदुका आत यायला नकोत आणि बायका बाहेर जायला नकोत. बाईमाणसाला तपासायला बाईच ठेवलेली, ती अंबाडा सोडून केस विंचरून बघायची. हिचं तर इथे कुणीच नव्हतं, सगळी माणसं पुण्याला. मॅनेजरला अडकवून ठेवायला काही सापडलं नाही, म्हणून त्याने मला अडकवलं. आणि विमानतळावर तिला सोडायला कोण गेलं? मीच. त्याआधी तिची तीन मोठी खोकी कार्गोवाल्याकडे कुणी पोचवली? मीच, आमच्या गाडीतून. मिक्सर बांधून देताना म्हणालेसुद्धा, "अगं, महिनाभरासाठी मिक्सर कशाला?" ती म्हणाली, "सासूबाईंना पातळ करून द्यावं लागतं ना, ताई." मला पटलं.

महिना संपला, ती आली नाही. फोन बंद. तिसऱ्या दिवशी माझ्या नावाने चार ओळींचा मेसेज आला. पुण्याला नोकरी लागली, मुलगा दहावीत आहे, इथे तीन महिन्यांची नोटीस देत बसले असते तर ती नोकरी गेली असती, ताई मला समजून घ्या. सासूबाईंच्या खुब्याचा त्यात उल्लेखही नव्हता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मॅनेजरपुढे मी रडले, भांडले. तो वाईट माणूस नाही, पण एकाच वेळी दोन टेबलं रिकामी ठेवायला तयार होईना. घरी हे म्हणाले, राजीनामा टाक आणि जा. पण मलाही तीन महिन्यांची नोटीस होतीच, आणि ती न देता निघून जाणं मला जमेना. हिला जमलं.

मुलीला मी खरं कारण सांगितलं नाही. ऑफिसात ऑडिट आहे म्हणून थाप मारली. ती म्हणाली, "ठीक आहे आई, सासूबाई आहेत माझ्या." नात झाली ती बातमी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ऐकली आणि तशीच जागेवर येऊन बसले.

बाराव्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल आला. "आई, बघ कोण आलंय," मुलगी म्हणाली. माझी ती मैत्रीण पाटावर बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पाय लांब करून. त्या पायांवर माझी नात पालथी. ही तिच्या पाठीवर तांब्याने कोमट पाणी सोडत होती. विहीणबाईंची पाठ धरली म्हणून गेले चार दिवस ऑफिसला जायच्या आधी मावशीच येतेय, अळिवाचे लाडूही तिनेच आणले, मुलगी कौतुकाने सांगत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही मात्र वर बघेना.

संध्याकाळी मी मुलीला परत फोन केला. म्हटलं, त्या बाईला पुन्हा घरात पाऊल टाकू देऊ नकोस. तिने का म्हणून विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. सही, कलम, मेसेज. मला वाटलं, आता ती माझ्यापेक्षा जास्त भडकेल.

"सही केलीस तेव्हा तुझी रजा मंजूर झालेली होती?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मावशी नाही आली तर तुला येता येणार नाही, हे त्यात लिहिलं होतं?"

"लिहिलं होतं."

"म्हणजे माझं बाळंतपण तू तारण ठेवलंस, आई. मला एकदा विचारायचं तरी."

"मला वाटलं होतं ती येईल गं," मी म्हणाले.

"मलाही वाटलं होतं तू येशील," ती म्हणाली. मग बाळ रडायला लागलं आणि तिने फोन ठेवला.