श्रावणातली जपानी होडी

मेव्हणा जपानला जाऊन आला आणि माझ्यासाठी लाकडी ठशानं छापलेलं एक चित्र घेऊन आला. पहाटेची खाडी, होडीत जाळं ओढणारे चार कोळी. पाठी अशा वाकलेल्या, की बघणाऱ्यानं आपलीच कंबर धरावी. पाण्याचा निळा रंग खाली गडद, वर विरत विरत नाहीसा झालेला. आणि आभाळात चक्क फळीच्या लाकडाच्या रेषा उमटलेल्या. मी ते फ्रेम करून आणलं आणि हॉलमध्ये खिळा ठोकायला स्टुलावर चढलो.

“उतरा खाली,” बायको म्हणाली. “परवा श्रावण लागतोय. हॉलमध्ये मासं न्हाई चालायचं.”

आमच्याकडं श्रावणात मटणाची पातेली माळ्यावर जातात. तिथं एकदा गेलेली वस्तू पातेलं नसेल, तर परत खाली येत नाही. म्हणून मी स्टुलावरूनच, हात पसरून, कलेची बाजू मांडली. भाषण उत्तम झालं. तेवढ्यात तिची मेथी निवडून झाली.

“तुझ्याच भावानं आणलंय.”

“त्यालाबी कळत न्हाई.”

“बरं, यात एक मासा दाखव. दाखवलास तर आत्ता माळ्यावर टाकतो.”

तिनं चष्मा लावला. जाळं अजून पाण्यातच होतं, टोपली रिकामी. ती बोटानं लाटन् लाट तपासत गेली आणि हळूहळू मासा विसरली.

“ह्या कडंच्यानं दोरी दातात धरलीय बघा. आणि हा म्हातारा नुसताच वरडतोय. तुमच्यासारखा.” मग चष्मा काढून म्हणाली, “न्हाई. काय घावलंच न्हाई अजून त्यास्नी. लावा.”

दुसऱ्या सोमवारी बघतो तर काचेवर लाल टिकली. दूर क्षितिजावर नखाएवढी आणखी एक होडी होती आणि तिच्यातल्या माणसाच्या गळाला काहीतरी लोंबत होतं. काच पुसताना हिला ते दिसलं.

“आता माळ्यावर?” मी भीत भीत विचारलं.

“कशाला? झाकलंय की.”

संध्याकाळी शेजारचे काका चहाला आले. चित्रापुढं बराच वेळ उभे राहिले. “उगवता सूर्य काय दाखवलाय,” म्हणाले. “जपान ते जपानच.” बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

श्रावण सरला तसा मी टिकली खरवडायला गेलो.

“ऱ्हाऊ दे तो सूर्य,” ती आतून म्हणाली. “पिशवी घ्या आणि सुरमई आणा. तुकडं जाड करून घ्या.”