रंगनाथची स्वस्तातली लेन्स

आमच्या तालमीच्या भिंतीवर फोटो लागायला एकच अट आहे. हरलेल्याची पाठ मातीला टेकलेली दिसली पाहिजे. हारतुऱ्यांचे, फेट्यांचे फोटो तिथे कुणी विचारत नाही. भिंतीवरचे सगळे फोटो पाथर्डीच्या रंगनाथ फोटोवाल्याने काढलेत आणि त्यांत एकही मुलगी नाही. त्याची लेक पंकजा कुस्ती खेळायला लागल्यापासून त्या भिंतीवर तिचा फोटो लावायचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. माझं स्टेशनरीचं दुकान त्याच्या स्टुडिओला लागून, म्हणून मी हे रोज ऐकायचो.

पूर्वी तो आखाड्यातच उकिडवा बसून फोटो काढायचा. यंदा यात्रा कमिटीने सभोवार बॅरिकेड लावले आणि फोटोवाल्यांना बाहेर काढलं. आत कोण, तर कमिटीचे मेव्हणे, खुर्च्या टाकून! मग लांबचं जवळ आणणारी लेन्स घेणं आलंच.

नगरला मी त्याच्याबरोबर गेलो. दुकानदाराने तीन लेन्स मांडल्या. पहिली जाडजूड, अंधुक उजेडातही चालणारी. तिची किंमत ऐकून रंगनाथने तिला हातही लावला नाही. दुसरी हाताची थरथर सावरणारी, पण तीही त्याच्या आवाक्याबाहेर. तिसरी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लांब पोचणारी. दुकानाच्या दारातून त्याने समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या साडीचे काठ तिच्यातून पाहिले आणि गडी हरखून गेला.

"दिवसा झकास आहे," दुकानदार म्हणाला. "उजेड उतरला की मात्र हलणाऱ्या माणसाचा फोटो फिसकटणार. मग तक्रार करू नका."

"पोरींच्या कुस्त्या आमच्याकडं भर उन्हातच उरकत्यात," रंगनाथ हसला. "मानसं जेवाय गेल्याली असत्यात तवा."

हे खरंच होतं. त्याची निवड मला तेव्हा चुकीची वाटली नाही, आजही वाटत नाही.

यात्रेच्या दिवशी भर दुपारी पंकजा अंग गरम करून तयार होती. तेवढ्यात माईकवरून पुकारलं, मुलींची कुस्ती पुढाऱ्यांच्या हस्ते लावणार, ते येईपर्यंत थांबायचं. मुलींना प्रोत्साहन म्हणे! पोरगी तशीच उपाशी बसून राहिली. पुढारी उगवले दिवस मावळताना. मग सत्कार, मग भाषण. त्यानंतर पंकजाने श्रीरामपूरच्या मुलीला ढाक डाव मारून चितपट केलं. हलग्या कडाडल्या. रंगनाथ बॅरिकेडवर कॅमेरा टेकवून बटण दाबत राहिला.

फोटोत दोघींचा मिळून एक तांबूस लगदा दिसत होता.

तरीही दुसऱ्या दिवशी त्याने प्रिंट तालमीत नेली. पंकजा आणि मी बरोबर होतो. छगन वस्तादांनी ती लांब धरली, जवळ धरली.

"पाठ दिसत न्हाई रं, रंगनाथ. नियम म्हंजी नियम."

"समद्या गावानं बघितली की, वस्ताद."

"गावानं बघितली. फोटूत कुठं हाय?"

पंकजा पुढे झाली आणि भिंतीवरच्या एका फ्रेमवर तिने बोट ठेवलं. वस्तादांचा पुतण्या गोरक्ष. "ह्यात कुनाची पाठ दिसती? पप्पा, तुमीच काढलाय ना ह्यो?"

त्या फोटोत गोरक्षचीच रुंद पाठ होती. खाली कोण आहे, उताणा की पालथा, काही कळत नव्हतं.

वस्तादांनी फ्रेमकडे बघितलंसुद्धा नाही. प्रिंट रंगनाथच्या हातात परत देत म्हणाले, "फुडल्या साली जरा चांगली लेन्स घे."

मला संताप आला होता. पंकजा बापाच्या तोंडाकडे बघत होती. आणि त्या गाढवाने मान डोलावली.