दगडाई

पुंडलिकनगरात टँकरपाशी रेटारेटी झाली, की बाया अजून ओरडतात, "ए, दगडाई लाव!" शब्द कुठून आला, हे आता फार थोड्यांना ठाऊक आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात तरणी दगडाबाई मेंढरं विकून वैजापूरकडून इथं बांधकामावर आली. टँकर आला, की धट्ट्याकट्ट्या बाया पुढं आणि ओली बाळंतीण रिकामी घागर घेऊन मागं. दगडाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. रानात हौदावर असं कधी चालत नव्हतं. तिथं व्यायलेल्या, लंगड्या मेंढ्या आधी पीत आणि दांडग्यांपुढं काठी आडवी असे. तिनं गावाहून आणलेली तीच काठी टँकरच्या पाइपापुढं आडवी धरली.

"आमाला मेंढरं समजलीस व्हय?"

"मेंढरं लई बरी. त्यांला एकदा सांगितलं की कळतं."

"हिलाच सगळं पाणी पायजे. बघा हिची दगडाई!" बाया चिडल्या. तेव्हा ही शिवीच होती. पण दगडाबाईनं आपली घागर सगळ्यात शेवटी लावली, तोवर टँकर खडखडीत झाला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात शिवीतलं विख उतरलं. अर्थ एवढाच उरला: अंगात जोर असेल, त्यानं मागं थांबायचं.

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले. गल्लीतली एक नवी सून काठी टेकत आलेल्या म्हातारीला म्हणाली, "आजी, पुढं व्हा. इथं दगडाई चालते."

"ठाऊक हाये मला," दगडाबाई म्हणाली. "जोर हाये अजून." अन् रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.