शेजारच्या खाटेवरचं शहाळं

कॉलेजात असताना टायफॉइडमुळे मी कोल्हापुरात दवाखान्यात पडलो होतो. शेजारच्या खाटेवर साठीचा एक गवंडी होता. गुडघेदुखीवर वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं गोळ्या खाऊन त्याची मूत्रपिंडं बिघडली होती. रक्तातलं पोटॅशियम वाढलं होतं. केळं, शहाळं घेतलंस तर काळीज बंद पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

भेटीच्या वेळी तो केस विंचरून दाराकडे तोंड करून बसायचा. आठ दिवस कुणी आलं नाही.

नवव्या दिवशी आजऱ्याहून त्याची बहीण आली. फाटकावर फोडून घेतलेलं शहाळं तिनं त्याच्या ओठाला लावलं. “पी की, दादा.”

मी बोलणार, तोच त्यानं नजरेनं मला गप्प केलं. “ठेव. जेवल्यावर पितो,” तो तिला म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं शहाळं माझ्या हातात दिलं.

“तिला सांगायचं नाही का?” मी विचारलं.

“दहा वर्सांनी आलीया, पावणं. आणलेलं चालत न्हाय म्हणून कसं सांगू?”

मी प्यायलो. तो माझ्याकडे बघत राहिला. “गोड हाय?”

तापानं तोंडाला चवच नव्हती. तरी मी म्हणालो, “लई गोड.”